पावसाच्या गावात दुष्काळाचं कर्ज

(जव्हार येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय कर्जाचा आहे, त्यातही सरकारी कर्जाचा, म्हणजे चांगलाच कोरडा. तरी एवढ्या उन्हात तुम्ही आलात. आम्ही जपून बोलू. कायद्याची कलमं फार येणार नाहीत, पण दोन-तीन येतील, ती सोसून घ्या.

काही वर्षांपूर्वी आम्ही मोखाड्याच्या एका पाड्यावर गेलो होतो. तिथे एका आजोबांनी पत्र्याच्या पेटीतून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला जुना सातबारा काढला. त्यात 'इतर अधिकार' नावाचा रकाना असतो, तुम्हाला माहीत आहे. त्या रकान्यात एक ओळ होती: तगाई बोजा. पुढे आकडा होता, पण पुसट. आजोबांना विचारलं, हे कसलं कर्ज? त्यांना ठाऊक नव्हतं. वडिलांनी घेतलं की आज्याने, विहिरीसाठी की बैलासाठी, फिटलं की नाही, काहीच नाही. त्यांना एवढंच कळत होतं की नवीन कर्जाचा कागद नेला की या ओळीवर बोट ठेवलं जातं. शेतात फिरून आलो. विहीर कुठेच नव्हती.

आमचं आजचं सगळं बोलणं त्या एका ओळीतून निघालं आहे. दुष्काळात पाण्यासाठी सरकार शेतकऱ्याला कर्ज देतं, ही काही आजची कल्पना नाही. मग ती कल्पना या डोंगरात येऊन कुठे अडकते? कर्ज उरतं आणि पाणी उरत नाही, असं का होतं?

आधी तो शब्द. तगाई म्हणजे तकावी. मूळ अरबी, 'बळ' या अर्थाच्या शब्दाच्या कुळातला. पेरणीच्या वेळी रयतेला बळ देण्यासाठी दिलेली उचल म्हणजे तकावी. मोगल काळापासून चालत आलेली. मराठीत ती तगाई झाली आणि आपल्या लोकांनी तिचं नातं 'तगणे' या क्रियापदाशी जोडून टाकलं. तगवते ती तगाई. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते चूक असेल, पण अर्थाच्या दृष्टीने आम्हाला तरी मूळ शब्दापेक्षा बरं वाटतं.

१८७६ ते ७८ या काळात दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७५ मध्ये, पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले होते. म्हणजे दुष्काळ आणि सावकारी कर्ज हे दोन प्रश्न एकदमच सरकारच्या दारात आले. १८८० साली दुष्काळ आयोगाने अहवाल दिला, आणि त्यातून पुढे दोन कायदे झाले. एक १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि दुसरा १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा. बी-बियाणं, बैल, संकटात मदत यासाठी १८८४ चा. आणि पाण्यासाठी १८८३ चा.

गंमत बघा, याच १८८३ साली जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिलं, आणि त्यात ते सरकारला सांगत होते की ताली, बंधारे घाला, पावसाचं पाणी शेतात मुरू द्या. एकाच वर्षी एकीकडे हा आग्रह आणि दुसरीकडे तो कायदा.

हा १८८३ चा कायदा आम्ही पुन्हा वाचला तेव्हा खरं सांगायचं तर थोडं चकित झालो. परकीय सरकारचा कायदा, महसुलावर डोळा ठेवून केलेला, हे सगळं खरं. पण कर्ज कशासाठी मिळेल याची यादी जिथे आहे, तिथे पहिलं काय आहे? विहिरी, तळी आणि पाणी साठवण्याची, पुरवण्याची, वाटण्याची कामं. तीही फक्त पिकासाठी नव्हे. शेतीत राबणाऱ्या माणसांच्या आणि जनावरांच्या वापरासाठीसुद्धा. फेड हप्त्यांनी, आणि मुदत साधारणपणे ३५ वर्षांपर्यंत ठेवता येत होती. एका माणसाच्या हयातीत फिटलं नाही तर मुलाच्या हयातीत फिटेल, इतकी लांब. कर्ज काढून सुधारलेल्या जमिनीवर त्या सुधारणेसाठी सारा वाढवू नये, अशीही तरतूद होती. आणि नववं कलम आहे गावातल्या लोकांनी मिळून घेतलेल्या कर्जाचं. दहा-वीस जणांनी एकत्र कर्ज घेतलं, तर कोणी किती भरायचं याचा लेख करून, त्यावर सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घेऊन तो सरकारदरबारी ठेवायचा. हे नववं कलम लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता वाईट बाजू. वसुली. हे कर्ज थकलं तर ते जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करता येत असे. कोर्टात जायची गरज नाही. कर्जदाराकडून, जामीनदाराकडून, आणि ज्या जमिनीच्या सुधारणेसाठी पैसे दिले त्या जमिनीतूनसुद्धा. म्हणजे विहीर खोदली, कातळ लागला, पाणी लागलं नाही. कर्ज मात्र जमिनीला चिकटलं. आजोबांच्या सातबाऱ्यावरची ओळ म्हणजे तेच चिकटणं. माणूस गेला, अधिकारी गेले, इंग्रज गेले, ओळ राहिली.

इथे एक स्थानिक भानगड सांगायला हवी. जव्हार आणि मोखाडा आज आपण एका श्वासात म्हणतो, पण त्या काळी या दोन जागा वेगळ्या राज्यांत होत्या. जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान. १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत इंग्रजी मुलखाचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत. मोखाडा मात्र ब्रिटिश ठाणे जिल्ह्यातला, शहापूरला जोडलेला पेठा. तेव्हा तगाईचा सरकारी कायदा आधी मोखाड्याला होता, जव्हारला नव्हता. प्रत्यक्षात दोन्हीकडे पाड्यावरच्या माणसाला ओळखीचा होता तो सावकार. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने १९३९ साली मुंबई इलाख्यातल्या आदिवासी भागांवर अहवाल लिहिला, त्यात कर्जापायी होणारी वेठ नोंदलेली आहे. खाली डहाणू-तलासरीकडे तिला लग्नगडी म्हणत: लग्नासाठी पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही सावकाराकडे राबायची. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे हे महाराष्ट्राला कळलं.

हे का सांगतो? कारण या भागात कर्ज हा शब्द कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही. वीटभट्टीची उचल, बयाणा, हे सगळं आजही चालूच आहे. म्हणून कोणी बाहेरून येऊन 'पाण्यासाठी स्वस्त कर्ज घ्या' म्हणालं की लोक गप्प बसतात. त्या गप्प बसण्यात शहाणपण आहे, हे आधी मान्य करू या.

आता पाण्याकडे येऊ.

जव्हारला पाऊस किती पडतो? साधारण अडीच हजार मिलिमीटर धरा. कित्येक वर्षी त्याहून जास्तच. मिलिमीटरमध्ये कळत नाही, म्हणून असं बघा. एक एकरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे एक कोटी लिटर पाणी. दहा हजार लिटरचा एक टँकर. म्हणजे तुमच्या एका एकरावर पावसाळ्यात एक हजार टँकर पाणी आभाळातून पडतं, आणि एप्रिलमध्ये एका टँकरच्या मागे आख्खा पाडा हंडे घेऊन धावतो.

जातं कुठे हे पाणी? उतारावरून. आपली गावं समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, काही त्याहूनही वर. खाली काळा कातळ, वर जेमतेम माती आणि मुरूम. मुरमात जेवढं मुरतं तेवढंच भूजल, आणि तेही उताराच्या बाजूने झऱ्यांवाटे निसटत राहतं. दिवाळीला विहीर भरलेली, होळीला तळ दिसायला लागतो. हे कुणाच्या आळसामुळे होत नाही, जमिनीच्या घडणीमुळे होतं. ते पाणी वैतरणेत, पिंजाळीत जातं. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच; तिथून मुंबईला दिवसाला सुमारे ४५५ दशलक्ष लिटर पाणी मिळावं अशी योजना. आमच्या टँकरच्या हिशेबात रोजचे साडेपंचेचाळीस हजार टँकर.

(मागून कोणीतरी काहीतरी म्हणालं, हशा.) ते खरंय, पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता मुद्दा असा की सरकारी भाषेत दुष्काळ आणि टंचाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलताना आपण दोन्ही एकच समजतो. कागदावर मात्र त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि कर्जाचा सगळा खेळ त्या फरकावर उभा आहे.

दुष्काळ जाहीर होतो तो खरीप पिकावरून. जुनी पद्धत आणेवारीची. आता पैसेवारी म्हणतो. पन्नास पैशांच्या खाली गेली की पीक बुडालं असं समजायचं. अंतिम पैसेवारी आपल्याकडे डिसेंबरच्या मध्याला येते. २०१६ मध्ये केंद्राची नवीन दुष्काळ संहिता आली. तिच्यात पावसाचा खंड, पेरणीचं क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, भूजलाची पातळी असे निर्देशांक आहेत, आणि खरिपाचा निर्णय ऑक्टोबर अखेरीस व्हावा अशी अपेक्षा. २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुके जाहीर केले ते ३१ ऑक्टोबरला. २०२३ मध्ये ४० तालुके, तारीख तीच, ३१ ऑक्टोबर.

दुष्काळ जाहीर झाला की काय मिळतं? जमीन महसुलात सूट. सहकारी कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे या वर्षीचा हप्ता पुढच्या वर्षांत विभागून. शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती. कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, टंचाईच्या गावांत पंपाची वीज न तोडणं, मुलांची परीक्षा फी माफ, रोजगार हमीचे निकष सैल, आणि गरज असेल तिथे टँकर. यातल्या निम्म्या गोष्टी कर्जाशी किंवा बिलाशी जोडलेल्या आहेत.

आता ऑक्टोबर अखेरीला जव्हार-मोखाड्यात काय दिसतं? खाचरात भात उभा आहे किंवा कापणी चालू आहे. माळावर नागली, वरई आहे. ओढे वाहताहेत. मोजणाऱ्याने प्रामाणिकपणे मोजलं तरी दुष्काळ कसा दिसणार? आपला दुष्काळ फेब्रुवारीनंतर येतो. तेव्हा मोजणी संपलेली असते. मग मिळतो तो टंचाई आराखडा. जिल्हाधिकारी कार्यालय तो करतं: टँकर, खासगी विहिरीचं अधिग्रहण, विंधन विहीर, गाळ काढणं, तात्पुरती नळयोजना. आम्ही त्याला नावं ठेवत नाही, त्याच्यामुळे माणसं तगतात. पण टंचाईत कर्जाचा हप्ता पुढे ढकलला जात नाही, व्याजाला थांबा नाही, पंपाच्या बिलाला सूट नाही. घशाला कोरड पडली तर टँकर येईल. मोगऱ्याची बाग मार्चमध्ये सुकली तर ते तुमचं नशीब.

मोगऱ्याचा उल्लेख मुद्दाम केला. जव्हार-विक्रमगड पट्ट्यात गेल्या काही वर्षांत लोकांनी मोगरा लावला. फुलं पहाटे निघून मुंबईच्या बाजारात जातात. आंबा-काजूच्या वाड्या त्याच्याही आधीपासून आहेत. बायफसारख्या संस्थांनी आणि नाबार्डच्या आदिवासी विकास निधीने त्या उभ्या केल्या. हे सगळं उभं आहे ते उन्हाळ्याच्या पाण्यावर. भाताला पाऊस पुरतो. भट्टीवर जायचं टाळायचं असेल तर नोव्हेंबर ते मे या काळात हाताशी पाणी लागतं. म्हणून आम्ही म्हणतो की इथे पाण्याचं कर्ज हा चैनीचा प्रश्न नाही. घरातली माणसं भिवंडी-वसईच्या भट्टीवर जाणार की घरी राहणार, पोरं शाळेत राहणार की नाही, हे त्या महिन्यांच्या पाण्यावर ठरतं.

कोणी म्हणेल, कर्ज हवंच कशाला? अनुदान आहे की. बरोबर. आदिवासी शेतकऱ्यांसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. नवीन विहिरीला अडीच लाख होते, पुढे रक्कम वाढली. रोजगार हमीतून सिंचन विहीर आहे. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयाने तिची मर्यादा चार लाख केली. ही कर्जं नाहीत, परत करायची नाहीत. उत्तम.

पण इथेच एक गोष्ट नीट बघा, कारण ती कागदावर कुठेच लिहिलेली नसते. अनुदान कामानंतर येतं. टप्प्याटप्प्याने, मोजमाप झाल्यावर, फोटो चढवल्यावर, निधी आल्यावर. आणि कातळ फोडणारा? त्याला आज पैसे लागतात. सिमेंटवाला, सळईवाला, यंत्र आणणारा, सगळ्यांना आज. मजुरी हमीतून खात्यावर येते, पण सामानाचे पैसे मागे राहतात. मधल्या काळात कोण भरतं? शेतकरी उधारीवर आणतो. ओळखीच्या दुकानदाराकडून, नात्यातल्या नोकरदाराकडून, नाहीतर शेकड्याने व्याज लावणाऱ्याकडून. कागदावर अनुदान असतं आणि अंगावर उधारी असते. सरकार म्हणतं आम्ही कर्ज दिलंच नाही. ते खरंच आहे, कर्ज दुसऱ्याने दिलं. व्याजासकट.

त्यात हंगामाचा घोळ. विहीर खोदायची ती पाणी उतरल्यावर, फेब्रुवारी ते मे. नेमकं तेव्हा घरातली कर्ती माणसं भट्टीवर असतात, कारण दिवाळीच्या सुमाराला घेतलेली उचल फेडायची असते. एका कर्जापायी माणूस गावाबाहेर, आणि त्यामुळे ज्या विहिरीने ते कर्ज टळलं असतं ती विहीर अर्धवट. आम्ही अशा अर्ध्या विहिरी पाहिल्या आहेत. पहिल्या पावसात काठ ढासळतो आणि पुढच्या वर्षी गाळ काढण्यापासून सुरुवात.

म्हणून आमचं म्हणणं थोडं उलटं आहे. विहिरीला अनुदान असू दे. कर्ज हवं ते मधल्या थांबण्यासाठी. अनुदान मंजूर झालंय, आदेश हातात आहे, पैसे सहा-आठ महिन्यांनी येणार आहेत, तर तेवढ्या मुदतीचं कर्ज सरकारी किंवा सहकारी यंत्रणेने द्यावं आणि अनुदान आलं की परस्पर वळतं करून घ्यावं. बुडण्याची भीती जवळजवळ नाही, कारण फेडणारं सरकारच आहे. भीती असेल तर एकच, सरकार उशीर करेल. मग त्या उशिराचं व्याज शेतकऱ्याच्या माथी का मारायचं?

(प्रश्न: पण बँक वनपट्ट्यावर कर्ज देते का?)

चांगला प्रश्न, मध्येच घेतो. २००६ चा वनहक्क कायदा. त्यात मिळालेली जमीन वारसाने जाते, पण विकता येत नाही, हस्तांतरित करता येत नाही. ही तरतूद तुमच्या भल्याची आहे, नाहीतर पट्टे दहा वर्षांत दुसऱ्याच्या नावावर गेले असते. पण हस्तांतर नाही म्हणजे गहाणही नाही. तसंच आदिवासींच्या सातबाऱ्याच्या जमिनीवर महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ आहे. बिगर-आदिवासीकडे ती सहजासहजी जाऊ शकत नाही. तीही ढालच. पण ढाल बँकेलाही अडवते. लिलावात गिऱ्हाईक नसलेलं तारण तिला तारण वाटत नाही.

यावर एक वाट आहे, आणि ती फार कमी लोकांना माहीत आहे. शेतीकर्जासाठी एका मर्यादेपर्यंत बँकेने तारण मागूच नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती मर्यादा आधी १ लाख होती, २०१९ मध्ये १ लाख ६० हजार झाली, आणि १ जानेवारी २०२५ पासून ती २ लाख आहे. तारणच नको, तर पट्टा गहाण पडत नाही ही सबब उरत नाही. हा नियम छापून खिशात ठेवा, शाखेत गेलात की वाद न घालता समोर ठेवा. पीककर्ज मुदतीत फेडलं तर तीन लाखांपर्यंत राज्याच्या पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत व्याज शून्यावर येतं, हेही त्याच कागदाच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.

आता आपल्याकडच्या खास कर्जाविषयी. खावटी. १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत हे कर्ज सुरू झालं. आवणी झाली, घरातलं धान्य संपलं, हाताला काम नाही, अशा पावसाळी महिन्यांत सावकाराच्या दारी जाऊ नये म्हणून रोख आणि धान्य. कल्पना फार माणुसकीची. पण वसुली होईना. आणि खाण्यासाठी घेतलेलं कर्ज फिटणार कुठून? ते पोटात गेलं, त्यातून काही उगवलं नाही. पुढे योजना बंद पडली, कर्जं माफ करण्याचा विषय आला, आणि २०२० मध्ये कोविडच्या काळात तिला पुन्हा सुरू केलं ते पूर्ण अनुदान म्हणून: कुटुंबाला चार हजार, दोन हजार खात्यावर आणि दोन हजारांच्या वस्तू. आमच्या मते हा बदल योग्य होता. उपासमारीवर कर्ज हा इलाज नव्हेच, आणि पिण्याच्या पाण्यावरही नव्हे. टँकर, नळ, पाड्याची पिण्याची विहीर, यासाठी कोणी तुम्हाला कर्ज सुचवलं तर सरळ नाही म्हणा. ते सरकारचं काम आहे. शेताच्या पाण्याचं वेगळं. त्यातून पीक येतं, पिकातून हप्ता येऊ शकतो.

थोडं बाहेरच्या जगात डोकावू. १९७६-७७ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात, विशेषतः कॅलिफोर्नियात, कडक दुष्काळ पडला. तेव्हा कार्टर सरकारने एप्रिल १९७७ मध्ये तातडीचा कायदा केला. त्यात पाटाच्या पाण्यावरच्या शेतकऱ्यांना कर्ज द्यायची सोय होती. कशासाठी? पाणी विकत घ्यायला आणि वाहून आणायला. म्हणजे ज्याच्याकडे पाण्याचा हक्क आहे, पण या वर्षी कमी महत्त्वाचं पीक आहे, तो पाणी सरकारी पेढीला विकेल. ज्याच्या फळबागा सुकताहेत तो कर्ज काढून विकत घेईल. झाड मेलं तर दहा वर्षं जातात, म्हणून एका वर्षाचं कर्ज परवडतं. हिशेब सरळ आहे. पण तो कशावर उभा आहे बघा: पाण्याचा हक्क लिहिलेला आहे, आणणारा कालवा आहे, विकणारा शेजारी आहे. मोखाड्यात यातलं काय आहे? पाणी आहे, ते कड्याखालून वाहत जातं. तेव्हा तिकडचं कर्ज जसंच्या तसं इकडे आणून चालणार नाही. इथे कर्जाने पाणी विकत घेता येत नाही, पाणी थांबवता मात्र येतं.

आणि थांबवणं एकट्याचं काम नाही. इथे ते नववं कलम आठवा.

समजा दहा कुटुंबं आहेत, एका ओढ्याच्या दोन्ही बाजूंना. ओढ्यावर पक्का बंधारा सरकारी खर्चाने झालेला आहे किंवा दरवर्षी सिमेंटच्या पिशव्यांचा वनराई बंधारा घालता येतो. हवं आहे ते पाणी वर उचलणारं यंत्र, पाईप, आणि वर एक साठवण. खर्च तीन लाख धरू. हे आकडे समजावण्यापुरते, उद्या कोणी आमच्या नावावर अंदाजपत्रक करू नये! घरटी तीस हजार. पाच वर्षांची मुदत, म्हणजे वर्षाला सहा हजार मुद्दल आणि वर व्याज. भट्टीच्या उचलीशी तुलना करा आणि स्वतःच ठरवा जमेल का. पण हप्ता मार्च अखेरीला नको. फुलं-भाजीचे पैसे हातात येतात तेव्हा हवा, आणि ज्या वर्षी बंधारा फेब्रुवारीतच आटला त्या वर्षी हप्ता आपोआप पुढे जावा. पैसेवारीची वाट न बघता. ओढ्यात पाणी किती तारखेला थांबलं हे पाड्यावरचं पोरगंही सांगेल. ग्रामसभेच्या वहीत ती तारीख लिहा, तलाठ्याची सही घ्या. एवढा निकष का पुरू नये?

दहा जणांच्या कर्जात भांडणं होतात, हे आम्हाला ठाऊक आहे. पश्चिम महाराष्ट्रात उपसा सिंचनाच्या कित्येक सहकारी संस्था वीजबिलात आणि भूविकास बँकेच्या कर्जात बुडाल्या. पंप चालत नव्हता तरी बोजा प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर. त्या भूविकास बँकाही पुढे मिटल्या. तिथे चुकलं ते आमच्या समजुतीप्रमाणे आकारामुळे: फार मोठ्या योजना, फार उंच उचल, विजेचं बिल पिकाच्या डोक्यावरून गेलेलं. दहा घरांचा, सौर पंपावरचा, डोळ्यांसमोरचा कारभार वेगळा. शिवाय कोण किती भरणार हे आधी लिहून, वाचून दाखवून, अंगठे घेऊन. १८८३ वाल्यांना हे सुचलं होतं. आणि रोजगार हमीच्या २०२२ च्या निर्णयातही सामुदायिक विहिरीची सोय आहे: शेजारशेजारच्या लोकांची मिळून सलग जमीन ०.४० हेक्टरच्या वर भरली की झालं. एकेकट्याला जमीन कमी पडते म्हणून अर्ज परत येतो, त्यांनी ही ओळ दाखवावी.

जागा मात्र भूजल खात्याच्या माणसाला दाखवूनच ठरवा. पायाळू माणसाचा नारळ हातात उभा राहतो, त्यावर आम्ही काही बोलत नाही. पण कर्ज नारळाच्या नावावर नसतं, तुमच्या नावावर असतं.

(प्रश्न: जुना तगाई बोजा काढायचा कसा?)

२०२५ मध्ये महसूल खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, तिच्या दुसऱ्या टप्प्यात अशाच कालबाह्य नोंदी घेतल्या आहेत: तगाई, बंडिंग बोजा, एकुम, नजरगहाण. तुम्ही तलाठ्याकडे, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, साधा अर्ज द्या. सोबत चालू सातबारा, जुना फेरफार सापडला तर त्याची नक्कल, वारसाची नोंद झालेली नसेल तर ती आधी. वारस नोंद मागे राहिली असेल तर बोजाची ओळ निघूनही पुढचं कर्ज मिळत नाही, हे बहुतेकांचं होतं. पावती जपून ठेवलेली असेल तर छान, नसेल तर नाही म्हणून घरी बसू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

चहा आलाय असं दिसतंय. ज्यांनी सातबारे बरोबर आणलेत त्यांनी इकडे बाकाजवळ या, 'इतर अधिकार' रकाना एकेक करून बघू.